फेऱ्या मोजणारा गुंडा

गुंडा मासाळ आयुष्यात एकच गोष्ट मन लावून शिकला, ती म्हणजे उंदीर किती वेळा गरगर फिरला हे न चुकता मोजणं. हसू आलं तर हसा. त्याच्या वाडीतले लोक वीस वर्षं हसतच होते. कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर ही वाडी. गुंडाच्या आज्याची दोनशे मेंढरं होती, बापाची चाळीस, आणि गुंडाच्या वाट्याला आले सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजातले पिंजऱ्यातले पांढरे उंदीर. त्याचा चुलतभाऊ नाथाजी बिरोबाच्या देवळाचा पुजारी. तो चारचौघांत मुद्दाम म्हणायचा, "मेंढक्याचं घराणं आपलं, आन ह्यो गडी उंदरं राखतोय!"

गुंडा त्यावर कधी बोलला नाही. कॉलेजच्या मागच्या बाजूला उंदीरघर होतं. सकाळी जाऊन भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, एकेकाला काट्यावर ठेवून वजन लिहायचं. पोरापोरींनी पिंजऱ्यांची अदलाबदल केली की सगळा घोटाळा व्हायचा, पण गुंडाचा कधी झाला नाही. दोनशे मेंढरांतून आपलं मेंढरू तोंडावरून ओळखणाऱ्याचा तो नातू. सगळे उंदीर सारखेच दिसतात असं कुणी म्हटलं की त्याला ते म्हणणाराच जरा अडाणी वाटायचा.

सुरय्या मॅडम मिरजेच्या. पीएचडी करायला आल्या तेव्हा उंदराला हात लावायलाही भ्यायच्या. गुंडानं त्यांना उंदीर धरायला शिकवलं, आणि मॅडमनी गुंडाला मेंदू शिकवला. माणसाच्या मनात येतं आणि पाय उचलला जातो, त्या दोन्हींच्या मधे एक रस लागतो. मेंदूत खोल एका जागी तो तयार होतो. ती जागा मेली की मनात येतं, पण पाय उचलत नाही. मॅडम उंदराला भूल देऊन बारीक सुईनं ती जागा एकाच बाजूची मारायच्या. मग त्या रसाचं काम करणारं औषध टोचलं, की उजवी बाजू मेलेला उंदीर डावीकडे फिरत सुटायचा, आपल्याच शेपटीमागं लागल्यागत. गुंडा उंदीर सोडलेल्या टबासमोर स्टूल टाकून हातात घड्याळ घेऊन बसायचा. डावीकडं किती, उजवीकडं किती. शिकलेली पोरं दहा मिनिटांत मोबाइल काढायची. गुंडा तासभर पापणी हलवायचा नाही. मॅडम म्हणायच्या, "गुंडाभाऊंचा आकडा असेल तर मी परत मोजत नाही."

काही उंदरांच्या दोन्ही बाजू मारलेल्या असत. ते फिरत नसत. ते काहीच करत नसत. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वर काढून बसायचे, खाद्य नाकाला टेकलं तरी तोंड उघडायचे नाहीत. अशा एकाचं नाव गुंडानं म्हातारा ठेवलं होतं. खाद्य भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजनं तो म्हाताऱ्याला थेंब थेंब भरवायचा. एक दिवस मॅडमनी म्हाताऱ्याला ते औषध दिलं. वीस मिनिटांनी म्हातारा उठला, पुढच्या पायांनी तोंड धुतलं, चालत खाद्यापाशी गेला आणि खायला लागला. गुंडाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग औषध रोज सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात तेच औषध, तेवढंच औषध दिलं. म्हातारा उठला, खाल्लं, आणि मग त्याची मान डोलायला लागली. रिकामं तोंड चघळायला लागलं, पुढचे पाय हवेत नाचायला लागले.

"मॅडम, जास्त पडलं काय औषध?"

"नाही हो गुंडाभाऊ, तेवढंच आहे. पण मेंदू आता तेवढ्यावर थांबत नाही. सुरुवातीला औषध नुसतं उठवतं. पुढं पुढं नाचवतं."

गुंडानं स्वतःच्या वहीत टिपून ठेवलं. विसाव्या मिनिटाला उठतो. पस्तिसाव्याला डोलतो. मधली पंधरा मिनिटं शहाणा.

प्रयोग संपला की उंदीर मारायचे, असा तिथला नेम. मारायच्या मॅडम, पण आणून द्यायचा गुंडा. म्हाताऱ्यालाही त्यानंच आणून दिलं. सुट्टीला वाडीवर आला की त्याची बायको बनाबाई त्याला अंगणातच अंघोळ घालायची आणि मगच उंबरा ओलांडू द्यायची. "जित्या जीवाला हालहाल करून मारायचं, आन त्या पगारावर आमी जेवायचं," म्हणायची. त्यांना मूल झालं नाही, तेही तिनं मनातल्या मनात त्या उंदरांच्याच खात्यावर टाकलं होतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गुंडाला शर्टाचं बटण लावता येईना. मग एकदा सांगलीच्या स्टँडवर जाताना दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं चालणं दिसलं. उजवा हात हलत होता, डावा अंगाला चिकटून होता. तो तिथंच उभा राहिला. डॉक्टरनं सांगायच्या आधी त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी उंदीर त्याच्या हातातून निसटला, पहिल्यांदाच. मॅडम म्हणाल्या, "हात दाखवा." बघितला, आणि भिंतीकडं तोंड करून रडल्या.

मिरजेच्या डॉक्टरनं कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गुंडानं चिठ्ठी मॅडमना दाखवली. "ह्ये तेच हाय न्हवं?"

"तेच आहे, गुंडाभाऊ."

दुखणं आलं की पुढं काय वाढून ठेवलंय हे माणसाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसतं म्हणूनच तो जगतो. गुंडाला सगळं ठाऊक होतं. आधी गोळी उठवेल. पुढं पुढं नाचवेल. त्याच्या वहीत सगळं तारीखवार लिहिलेलं होतं.

पाच वर्षं गोळीनं उठवलं. मग नोकरी झेपेना, तेव्हा राजीनामा देऊन तो वाडीवर आला. आवाज बारीक झाला होता, चेहरा लाकडी. हसला तरी हसल्यासारखं दिसायचं नाही. हात थरथरायचा म्हणून लोक त्याला थरथऱ्या म्हणू लागले. "उंदरांचा तळतळाट हाय त्यो," नाथाजी म्हणायचा, आणि बनाबाई मान खाली घालायची. नवऱ्याचं दुखणं तिनं सोसलं असतं. पण ते पापाचं फळ आहे हे तिला सोसवत नव्हतं.

मग तो रविवार आला. बिरोबाच्या देवळापुढं ढोल वाजत होते. गुंडा सकाळची गोळी घेऊन कट्ट्यावर बसला होता. ढोल तापला आणि इकडं गोळीही चढली. आधी खांदा, मग मान, मग दोन्ही हात. आतापर्यंत जरा जरा व्हायचं ते त्या दिवशी पुरं झालं. गुंडा डोलायला लागला, जबडा हलायला लागला, पाय आपोआप ठेका धरल्यासारखे उडायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं! गुंडाच्या अंगात आलं!" नाथाजी धावत आला. त्यानं मूठभर भंडारा त्याच्या कपाळाला फासला आणि गर्जला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सगळी वाडी हळदीत पिवळी झाली. बनाबाईनं नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला.

संध्याकाळी अंग शांत झाल्यावर गुंडानं तिला समजावलं. उंदीर सांगितले, म्हातारा सांगितला, वही दाखवली. "गोळीनं हाय ह्ये. द्येव न्हाई."

बनाबाईनं वही मिटली. "आवं, येवढी वरसं उंदरं मारलीसा, त्येचं पाप आज देवानं धुतलं. आता त्यात गोळी काढू नगासा. तुमच्या पाया पडते."

इथं गुंडा चुकला. मी त्याची बाजू घेणार नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर उभं राहून सांगायला हवं होतं, चिरक्या आवाजात का होईना. पण कालपर्यंत थरथऱ्या म्हणणारी माणसं आज वाकून वाट देत होती, बायको कितीतरी वर्षांनी ताठ मानेनं पाण्याला जात होती. तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला तसंही सोपं होतं.

दर रविवारी लोक कौल लावायला येऊ लागले. नाथाजी सवाल विचारायचा आणि मान कशी हलते ते बघायचा. उभी हलली तर होय, आडवी हलली तर नाही. बोअर कुठं मारू, हरवलेली मेंढी सापडेल का, पोरीचं स्थळ करू का. गुंडा आतून सगळं ऐकायचा, पण मान त्याची नव्हती. सवय काही सुटली नव्हती, म्हणून तो डोलता डोलता मोजायचा. उभ्या चौदा, आडव्या सहा. टबातल्या उंदराकडं बघावं तसा तो स्वतःकडं बघायचा.

त्या चैत्रात यात्रा चार दिवसांवर होती. नाथाजीची सून सोनिया आठव्या महिन्यात होती. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कवठ्याच्या डॉक्टरीण बाईंनी रक्तदाब बघून सांगितलं, आजच मिरजेला न्या, कदाचित पोट फाडून बाळ काढावं लागेल. आता मेख अशी, की पुजाऱ्याच्या घरात बाळ जन्मलं की सोयर लागते. दहा दिवस त्या घरच्यानं देवाला शिवायचं नाही. म्हणजे यात्रेची पूजा भावकीतल्या दुसऱ्या घराकडं जाणार, आणि एकदा गेलेली पूजा परत येते का कोण जाणे. नाथाजी वाईट माणूस नव्हता. सुनेवर त्याची माया होती. पण सात पिढ्यांचा मान आपल्या हातून जातोय म्हटल्यावर त्याला निर्णय घेववेना, म्हणून तो देवाकडं आला. देव म्हणजे गुंडा.

सोनिया समोर बसली होती. सुजलेल्या बोटांत जोडवी रुतली होती. नाथाजीनं भंडारा उधळला आणि विचारलं, "देवा, यात्रा होऊस्तवर पोरीला थांबवू का?"

"न्या तिला," गुंडा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता न्या." जीव एकवटून तो ओरडला. पण जबडा चघळत होता, जीभ आत-बाहेर होत होती, आवाज बारीक होता आणि ढोल जोरात होता. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मान मात्र सगळ्यांना दिसली. उभ्या अकरा.

पालखीच्या दिवशी दुपारी सोनियाला झटके आले. जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. सोनिया वाचली. मुलगी झाली होती, ती पोटातच गेली होती.

पंधरा दिवसांनी सोनिया घरी आली आणि सगळ्यात आधी गुंडाच्या पाया पडायला आली. तिनं तोंडावर थुंकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तात्या, देवानं थांब म्हटलं, मी थांबले. त्याच्या मनात तसंच आसंल." गुंडाच्या लाकडी चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. डोळ्यांतून तेवढं पाणी वाहत राहिलं, आणि देवाला पाझर फुटला म्हणून बायकांनी ते पाणी बोटावर घेऊन कपाळाला लावलं.

त्या दिवसापासून त्यानं गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठता येईना. चौथ्या दिवशी घास गिळेना. बनाबाई दुधात भाकरी कुस्करून, अगदी पातळ करून चमच्यानं भरवायची, ओठांतून ओघळलेलं पदरानं पुसायची. म्हातारा असाच पाठ वर काढून बसायचा. गुंडा मनाशी म्हणाला, बरं झालं, आता मान हलणार नाही.

बनाबाई घाबरली आणि तिनं सुरय्या मॅडमना फोन लावला. मॅडम फोनवरच ओरडल्या, "अशा एकदम बंद करायच्या नसतात गोळ्या. जीव जाईल त्यांचा!" बनाबाईनं गोळी कुटून दुधात घातली. दोन-चार दिवसांत तो उठला, बोलला, आणि मग त्याची मान पुन्हा डोलली.

"बघितलंस?" त्यानं विचारलं. "गोळी न्हवती तवा देव न्हवता. गोळी आली, देव आला."

बनाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "बघितलं," ती म्हणाली. "मला काय डोळं न्हाईत? पर कुणाला सांगू मी? लोक तुमाला परत थरथऱ्या म्हणत्याल. आन त्या पोरीचं काय? तिला काय सांगू?"

मिरजेच्या डॉक्टरनं गोळी वाटून दिली, अर्धी अर्धी, दिवसातून जास्त वेळा. डोलणं थोडं कमी झालं, पुन्हा वाढलं. रविवारी तो घराचं दार लावून आत बसायचा. लोक दाराबाहेर नारळ ठेवून जायचे. देव रुसलाय म्हणायचे, आणि रुसलेल्या देवाला माणूस जास्तच मानतो.

पुढच्या पावसाळ्यानंतर बनाबाईनं बातमी आणली. सोनियाला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना. दवाखान्यात अजून एकदाही गेली नव्हती. देवाला विचारल्याशिवाय जाणार नाही म्हणत होती.

गुंडानं जुनी वही काढायला लावली. आता त्याचं सगळं आयुष्य त्या तीन ओळींवर आलं होतं. विसाव्या मिनिटाला उठतो, पस्तिसाव्याला डोलतो, मधली पंधरा मिनिटं शहाणा. आपल्या गोळीलाही हेच आकडे लागू पडतात, हे त्यानं स्वतःवर मोजून बघितलं होतं. त्या पंधरा मिनिटांत पाय चालतात, तोंड बोलतं, आणि मान आपली असते. नाथाजीचं घर तीन घरं सोडून. नाथाजी बाजाराला गेल्याचं बघून एका सकाळी त्यानं बरोबर दहाला गोळी घेतली. बनाबाई घड्याळ घेऊन समोर बसली. दहा वीसला त्याची बोटं सुटली. दहा बावीसला तो उठून उभा राहिला. बनाबाई आपल्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

सोनिया अंगणात सूप घेऊन जोंधळा पाखडत होती. तात्याला आपल्या पायानं चालत येताना बघून ती गडबडून उठली. गुंडानं तिला खाली बसवलं, स्वतः ओट्यावर बसला आणि बोलला. एवढं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. उंदीर कसे फिरायचे ते सांगितलं. म्हातारा कसा उठला आणि मग कसा डोलला ते सांगितलं. माझ्या मेंदूतली तीच जागा मेलीय, आणि मी तीच गोळी खातो, हे सांगितलं. "पोरी, त्यो देव न्हवता. ती गोळी व्हती. मान माझी हालत व्हती, पर मी न्या म्हणत व्हतो. आत्ताच्या आत्ता न्या, म्हणत व्हतो. कुणाला ऐकू आलं न्हाई. ह्या बारीला कुणाला इचारू नगंस. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा."

सोनियाचा सुपावरचा हात थांबला. तिचे डोळे भरून आले. गुंडाला वाटलं, कळलं. पहिल्यांदा कुणालातरी कळलं. त्याला इतकं हलकं वाटलं की वेळ बघायचंही भान राहिलं नाही.

मग ती म्हणाली, "म्हंजी तात्या, माजी पोर उगंच गेली व्हय?"

गुंडानं वाकून तिचा हात धरला.

"देवानं न्हेली न्हाई? कुणीच न्हेली न्हाई? नुसती उगंच?" ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं काहीतरी बोलावं, एखादी वाट ठेवावी, म्हणून बघत राहिली. त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. खरं तेवढं होतं, आणि ते त्यानं देऊन टाकलं होतं.

सोनियानं पदरानं डोळे कोरडे केले. "न्हाई तात्या," ती शांतपणे, आजाऱ्याला समजावतात तशी म्हणाली. "तुमचं दुखणं लय वाढलंय. तुमास्नी भरम व्हतोय."

"भरम न्हवं, पोरी," तो म्हणू लागला, आणि जीभ जड झाली. डावा खांदा उडाला. पस्तिसावं मिनिट झालं होतं. त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं घट्ट धरायला बघितलं, पण हातही आता त्याचे नव्हते, ते हवेत नाचू लागले. उठून पळावं म्हटलं तर पाय आपलाच ठेका धरून बसले. तीन घरं पलीकडून, आपल्या दारातून बनाबाईनं हे बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

सोनियाच्या चेहऱ्यावरचं सगळं भय निघून गेलं. तिनं सूप बाजूला सारलं. घरात जाऊन देव्हाऱ्यातली चिमूटभर हळद आणली, ती त्याच्या कपाळाला लावली. मग डोक्यावर पदर घेऊन ती समोर गुडघे टेकून बसली आणि हात जोडले.

"देवा," ती म्हणाली, "दवाखाना नगं आता. तुज्या पायाशीच ऱ्हाते. चालंल न्हवं?"

गुंडा जिवाच्या आकांतानं नको नको म्हणत होता. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मग दुसरं काही करता येईना, तेव्हा तो मोजू लागला. उभी एक. उभी दोन. उभी तीन.